लोकशाहीर अण्णा भाऊ साठे

सह्याद्रीच्या कुशीत उगम पावणारी वारणा नदी डोंगर-झाडीतून वाट काढीत पूर्वेस येते आणि सांगलीजवळ हरिपूर येथे कृष्णेला मिळते. या वारणेच्या खोऱ्यातील माणूस कष्टाळू आहे, तसाच मानीही आहे. अन्याय मुकाट्याने गिळणे त्याच्या स्वभावात नाही. १९४२ च्या स्वातंत्र्यलढ्यात याच मुलुखाने परक्या राजसत्तेस झुगारून प्रतिसरकार स्थापन केले होते. अशा या खोऱ्यातील वाटेगाव नावाच्या खेड्यात १ ऑगस्ट १९२० रोजी एका अत्यंत दरिद्री कुटुंबात एक मुलगा जन्मास आला. वाटेगाव वाळवे तालुक्यात आहे. हा तालुका त्या वेळी सातारा जिल्ह्यात मोडत असे. आज तो सांगली जिल्ह्यात आहे. मुलाचे नाव तुकाराम ठेवण्यात आले. पुढे साऱ्या महाराष्ट्राने त्याला अण्णा भाऊ साठे या नावाने ओळखले.

तुकारामाच्या वडिलांचे नाव भाऊराव आणि आईचे वालुबाई. हे घर मांग समाजाचे होते. मांगांची वस्ती गावाच्या बाहेर असे. वाखाचे दोर वळावे, केरसुण्या बांधाव्या, लग्नकार्यात हलगी वाजवावी, रात्री गावाची राखण करावी, अशी कामे या समाजाकडे वंशपरंपरेने चालत आली होती. त्यांनी वळलेल्या दोरांवाचून कुणब्याची मोट चालत नसे. त्यांनी बांधलेल्या केरसुणीवाचून कोणाचे अंगण स्वच्छ होत नसे. परंतु ज्यांच्या हातांवाचून गावाचे पान हालत नसे, त्यांनाच गाव अस्पृश्य मानीत असे. पाणवठ्यावर त्यांना मज्जाव होता आणि देवळाची पायरी त्यांना चढता येत नसे.

याहून मोठे संकट सरकारी कायद्याचे होते. १८७१ साली इंग्रज सरकारने एक कायदा करून देशातील कित्येक जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला. मनुष्याने गुन्हा केला असो वा नसो, त्या जमातीत तो जन्मला एवढ्यावरूनच त्याच्याकडे चोर म्हणून पाहिले जाई. ठरलेल्या वेळी चौकीवर किंवा चावडीवर जाऊन त्याला हजेरी द्यावी लागे. पोटच्या पोराला औषध आणावयास परगावी जाणेदेखील त्यास अवघड होई. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली हा कायदा रद्द झाला. अण्णा भाऊंच्या मनात या हजेरीची चीड खोल रुजलेली होती आणि पुढे ती त्यांच्या लेखनातून प्रकट झाली.

या काळात वाटेगावच्या मांगवाड्यात फकिरा नावाचा एक शूर पुरुष होऊन गेला. तो साठ्यांच्या नात्यातला होता. दुष्काळात आपली माणसे अन्नान्न करीत मरत असलेली पाहून त्याने सरकारविरुद्ध बंड केले. तुकाराम जन्मला, त्या सुमारास सरकारी खजिना लुटून फकिरा वाटेगावास आला आणि त्याने बाळंतिणीच्या हाती ओंजळभर रुपये ठेवले, अशी आठवण साठ्यांच्या घरात सांगत असत. फकिराच्या कथा ऐकतच तुकाराम लहानाचा मोठा झाला.

मुलगा जरा मोठा झाल्यावर त्याला शाळेत घालण्यात आले. परंतु अस्पृश्य मुलांना त्या काळी शाळेत वेगळे बसावे लागे. त्यांच्या वाट्याला अक्षरांपेक्षा छडी आणि अवहेलनाच अधिक येई. तुकारामाच्या मानी मनाला ते सहन झाले नाही. तो अवघा दीड दिवस शाळेत गेला आणि मग कायमचा बाहेर पडला, असे सांगतात. मुलांनो, येथे क्षणभर थांबून विचार करा. ज्याची पुस्तके आज विद्यापीठांत अभ्यासली जातात, त्याला शाळेच्या दारातून परत फिरावे लागले. बुद्धी त्याच्याजवळ होती, आवडही होती. नव्हता तो फक्त मायेने जवळ बसवून घेणारा समाज. अशा किती मुलांची बुद्धी त्या दारातच विझून गेली असेल, याची गणती कोणी ठेवलेली नाही.

शाळा सुटली, तरी शिकणे सुटले नाही. रानावनांत भटकावे, पाखरांचे आवाज ओळखावे, झाडपाल्याचे गुण जाणून घ्यावे, दांडपट्टा फिरवावा, असा त्याचा दिनक्रम होता. रात्री वाड्यावरील म्हातारी माणसे पोवाडे आणि लावण्या म्हणत, जुन्या बंडखोरांच्या गोष्टी सांगत. तुकारामाची स्मरणशक्ती तल्लख होती. एकदा ऐकलेले गाणे त्याच्या ओठांवर बसे. त्याचे चुलतबंधू बापू साठे यांचा तमाशाचा फड होता. तेथे त्याने ढोलकीचा ताल, सवाल-जबाब आणि सोंगाड्याचा विनोद जवळून पाहिला. पुढे जी कला त्याने लोकजागृतीच्या कामी लावली, तिचे धडे येथेच मिळाले.

१९३१ च्या सुमारास गावी पोट भरेनासे झाले. भाऊराव बायकामुलांस घेऊन मुंबईची वाट चालू लागले. आगगाडीच्या भाड्यास पैसे नव्हते. म्हणून हे कुटुंब पायीच निघाले. वाटेत मिळेल ते काम करावे, चार दिवस पोट भरावे आणि पुन्हा पुढे चालावे, असा तो प्रवास होता. अकरा वर्षांचा तुकाराम, म्हणजे तुमच्याच वयाचा मुलगा, डोक्यावर ओझे घेऊन सह्याद्री ओलांडून गेला. पोटासाठी गाव सोडणारी अशी कुटुंबे महाराष्ट्रात पुढेही निघतच राहिली. पवनेच्या काठचे पिंपळे गुरव हे एकेकाळचे शेतकऱ्यांचे लहानसे गाव. शेजारच्या पिंपरी-चिंचवडमध्ये आणि पुढे चाकणच्या परिसरात कारखाने उभे राहिले, तशी दूरदूरच्या जिल्ह्यांतील माणसे येथे येऊन राहिली. त्यांच्या मुलांना अण्णा भाऊंचा हा प्रवास परका वाटणार नाही.

मुंबईत आल्यावर अण्णा भाऊंनी किती प्रकारची कामे केली, याची यादी लांबलचक होईल. त्यांनी कोळसे वेचले, डोक्यावर गाठोडे घेऊन फेरीवाल्याच्या मागे हिंडले, हमाली केली, गिरणीत कष्ट उपसले. भायखळा, माटुंगा, घाटकोपर अशा भागांतील चाळी आणि झोपड्या हीच त्यांची वसतिस्थाने होती. परंतु या महानगराने त्यांना एक अमोल वस्तू दिली. ती म्हणजे अक्षरओळख. दुकानांवरच्या पाट्या, भिंतींवर चिकटवलेल्या चित्रपटांच्या जाहिराती, रस्त्यावर पडलेले छापील कागद हीच त्यांची पाठ्यपुस्तके झाली. एकेक अक्षर जुळवीत ते वाचावयास शिकले. दिवसभर राबून आलेला हा तरुण रात्री दिव्याखाली पोथ्या, कादंबऱ्या, वर्तमानपत्रे असे हाती पडेल ते वाचू लागला. मॅक्झिम गॉर्की हा रशियन लेखक त्यांना विशेष आवडे. गॉर्कीचेही शालेय शिक्षण फारसे झाले नव्हते आणि त्यानेही हीन-दीन मानलेल्या माणसांचे जिणे आपल्या कथांत रंगविले होते.

माटुंग्याच्या लेबर कॅम्पमध्ये कामगारांची दाट वस्ती होती. तेथे अण्णा भाऊंचा कामगार चळवळीशी आणि कम्युनिस्ट पक्षाशी निकटचा संबंध आला. या वस्तीत डासांचा उपद्रव भारी होता. अण्णा भाऊंनी डासांवरच एक विनोदी गाणे रचून लोकांना खदखदा हसविले आणि तेथूनच शाहीर म्हणून त्यांचे नाव होऊ लागले, असे सांगतात. त्याच सुमारास दुसरे महायुद्ध पेटलेले होते. रशियातील स्टालिनग्राड शहराला हिटलरच्या फौजांनी वेढले होते. परंतु तेथील लोकांनी घराघरातून झुंज दिली आणि १९४३ च्या फेब्रुवारीत शत्रूला शरण आणले. हजारो कोस दूर असलेल्या त्या शहरावर अण्णा भाऊंनी मराठीत पोवाडा रचला. दांडपट्ट्याच्या मुलुखातील ढंगात परदेशीच्या वीरांचे गुणगान झाले आणि कामगार वस्त्यांतून तो पोवाडा दुमदुमू लागला.

१९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर या तिघांनी लाल बावटा कलापथक स्थापन केले. अण्णा भाऊंची लेखणी, अमर शेखांचा पहाडी आवाज आणि गवाणकरांची साथ असा तो संगम होता. तमाशाला त्या काळी सभ्य लोक नाक मुरडीत. अण्णा भाऊंनी त्या जुन्या साच्यात नवा आशय ओतला. परंपरेने तमाशाचा प्रारंभ गणपतीच्या स्तवनाने होई. अण्णा भाऊंनी आपल्या गणात मातृभूमीला आणि कष्टकऱ्यांना वंदन केले. सावकाराची लबाडी, निवडणुकीतील ढोंग, धान्याचा काळाबाजार असे विषय घेऊन त्यांनी 'अकलेची गोष्ट', 'देशभक्त घोटाळे', 'शेटजींचे इलेक्शन' अशी लोकनाट्ये लिहिली. जे लोक व्याख्यानास कधी गेले नसते, ते हसत हसत आपलीच दुःखे रंगमंचावर पाहू लागले आणि घरी जाताना विचार करू लागले. या प्रभावामुळेच पुढे सरकारने कलापथकाच्या कार्यक्रमांवर बंदी घातली.

मराठी भाषिकांचे एक राज्य व्हावे आणि मुंबई ही त्याची राजधानी असावी, यासाठी १९५६ पासून मोठे आंदोलन पेटले. संयुक्त महाराष्ट्राच्या या लढ्यात शंभराहून अधिक माणसांनी प्राण दिले. अण्णा भाऊ या लढ्यात आपल्या डफासह उतरले. त्यांनी एक लावणी रचली. पोटासाठी मुंबईस आलेला एक गडी गावी राहिलेल्या आपल्या कारभारणीच्या आठवणीने व्याकूळ होतो, असा तिचा विषय. परंतु ऐकता ऐकता श्रोत्यांच्या ध्यानी येई की, ही ताटातूट केवळ नवरा-बायकोची नव्हे; मराठी मुलुखाच्या तुटलेल्या तुकड्यांची ती व्यथा आहे. ही लावणी सभासभांतून गायिली गेली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. त्या मंगल दिवसाच्या मागे ज्यांचे श्रम होते, त्यांत या शाहिराचे नाव आदराने घ्यावे लागते.

शाहीर म्हणून अण्णा भाऊंची कीर्ती मोठी आहेच. परंतु त्यांची खरी थोरवी त्यांच्या कथांत आहे. त्यांच्या पूर्वीही मराठीत अस्पृश्यांविषयी काही लेखकांनी कळवळ्याने लिहिले होते. मात्र त्या कथांतील दलित माणूस बहुधा दीनवाणा असे. वाचकाने त्याची कीव करावी, दोन अश्रू ढाळावे आणि पुस्तक मिटावे, असा तो प्रकार होता. अण्णा भाऊंनी हे चित्र पालटून टाकले. त्यांची माणसे फाटकी आहेत, उपाशी आहेत. पण ती कोणापुढे हात पसरीत नाहीत. ती चुकतात, पडतात, पुन्हा उठतात आणि अन्यायापुढे मान ताठ ठेवून उभी राहतात. मांग, महार, रामोशी, कंजारी अशा समाजांतील जी माणसे त्यांनी प्रत्यक्ष पाहिली होती, तीच त्यांच्या कथांचे नायक झाली.

त्यांची 'सापळा' ही कथा पाहा. गावातील मेलेले जनावर ओढून नेणे हे महारांचे काम, अशी जुनी रूढी होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या बांधवांना ही घाणेरडी आणि अपमानाची कामे टाकून देण्याचा उपदेश केला होता. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर जो सत्याग्रह झाला, त्या वेळेपासून हा विचार खेडोपाडी पोहोचू लागला होता. या कथेतील हरिबा आणि त्याचे सोबती तसाच निश्चय करतात. गावात जनावर मरते आणि महारवाडा ते ओढण्यास नकार देतो. एवढ्याने गाव खवळते आणि त्यांच्यावर बहिष्कार टाकते. मुलांनो, बहिष्कार हा शब्द उच्चारण्यास सोपा आहे. परंतु खेड्यात त्याचा अर्थ फार भयंकर होत असे. दुकानदार मीठमिरची देत नसे, शेतावर काम मिळत नसे, येण्याजाण्याच्या वाटा बंद होत. अशा वेळी भुकेपुढे माणूस सहज वाकतो. परंतु हरिबाची माणसे वाकत नाहीत. ती एकजूट राखतात, डोके शांत ठेवतात आणि युक्तीने मार्ग काढतात. ज्यांनी सापळा लावला, त्यांच्यावरच तो उलटतो. एकीने आणि विचाराने लढले, तर दुबळा समजला गेलेला माणूसही आपला मान राखू शकतो, हे या कथेतून दिसते.

अन्याय नेहमी परकेच करतात असे नाही, हेही अण्णा भाऊ जाणून होते. जातीजातींच्या स्वतःच्या पंचायती असत आणि त्यांचे पंच आपल्याच माणसांवर जुलूम करीत. 'बरबाद्या कंजारी' या कथेतील बाप आपल्या मुलीच्या पुनर्विवाहासाठी जातपंचायतीच्या विरुद्ध उभा राहतो. दंड, वाळीत टाकण्याचा धाक, भाऊबंदांचा रोष यांपैकी कशालाही तो भीत नाही. जातीची बेडी वरच्याने घातलेली असो की घरच्याने, ती तोडलीच पाहिजे, ही लेखकाची भूमिका येथे स्पष्ट होते. 'मरीआईचा गाडा' या कथेत त्यांनी रोगराईच्या काळातील अंधश्रद्धेवर असाच प्रहार केला आहे.

'स्मशानातील सोनं' ही त्यांची कथा एकदा वाचली, की जन्मभर विसरत नाही. वारणाकाठचा भीमा नावाचा धिप्पाड गडी बायको आणि लाडक्या मुलीला घेऊन मुंबईस येतो. शहरात काम मिळत नाही. म्हणून उपनगरातील दगडाच्या खाणीत तो घण घालू लागतो. काही दिवस बरे जातात आणि एकाएकी खाण बंद पडते. उद्या मुलीच्या मुखात काय घालावे, या विवंचनेत असता त्याला स्मशानातल्या राखेवर सोन्याची अंगठी सापडते. तेथून तो मृतांच्या राखेतून सोने शोधण्याच्या मार्गास लागतो. एका अंधाऱ्या रात्री नुकतेच पुरलेले प्रेत उकरण्यासाठी तो जातो. तेथे कोल्ह्यांची टोळीही त्याच प्रेतासाठी आलेली असते. माणूस आणि जनावर यांची तुंबळ झुंज होते. त्यात तो जिंकतो; परंतु प्रेताच्या जबड्यातले सोने काढताना त्याची बोटे आत अडकतात आणि अखेर ती गमावण्याची पाळी येते. तो अंथरुणावर पडलेला असतो, तोच वार्ता येते की खाण पुन्हा सुरू झाली आहे. ज्या हातांनी डोंगर फोडावयाचा, ते हातच अधू झालेले पाहून तो राक्षसासारखा बळकट पुरुष लहान मुलासारखा रडू लागतो.

या कथेत लेखकाने भीमाला बरे-वाईट कोठेही म्हटलेले नाही. उपदेशाचे एक वाक्यही घातलेले नाही. तरी वाचक अस्वस्थ होतो. राबण्यास तयार असलेल्या माणसाला काम मिळू नये आणि त्याने जगण्यासाठी स्मशानात जावे, ही लाज कोणाची, असा प्रश्न त्याच्या मनात आपोआप उभा राहतो. चांगली कथा उपदेश न करता अंतःकरण जागे करते, ते असे.

१९५९ साली अण्णा भाऊंची 'फकिरा' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. बालपणी ऐकलेल्या त्या बंडखोराला त्यांनी शब्दांत अमर केले. दुष्काळाने लोक तडफडत असता धान्याची कोठारे भरलेली आहेत, हे फकिराला सहन होत नाही. तो कोठार फोडून धान्य उपाशी लोकांना वाटतो, सरकारी खजिना लुटतो. मात्र दुबळ्यांवर तो कधी हात टाकीत नाही. मांगांवर लादलेली हजेरी त्याच्या मनाला सर्वांत अधिक डाचते. गावातील विष्णुपंत कुलकर्णी या गृहस्थांचे मन मात्र न्यायी आहे. ते उपाशी माणसांच्या पाठीशी उभे राहतात. माणसाची पारख जातीने करू नये, तर वागणुकीने करावी, हे अण्णा भाऊंनी या पात्राच्या द्वारे सुचविले आहे. शेवटी सरकार फकिराच्या निरपराध माणसांना ओलीस धरते. आपल्यामुळे त्यांना यातना होऊ नयेत, म्हणून फकिरा स्वतः होऊन सरकारच्या हाती जातो आणि फाशीस सामोरा जातो. हा ग्रंथ अण्णा भाऊंनी डॉ. आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केला. त्याला वि. स. खांडेकर यांच्यासारख्या थोर लेखकाची प्रस्तावना लाभली आणि १९६१ साली महाराष्ट्र शासनाने त्यास पुरस्कार दिला. शाळेत दीड दिवस गेलेल्या मुलाचा हा सन्मान होता.

तत्पूर्वी १९५८ साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले होते. त्याचे उद्घाटन अण्णा भाऊंनी केले. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर तोललेली आहे, अशी आपल्याकडे पुराणातली समजूत आहे. अण्णा भाऊंनी त्या भाषणात ती नाकारली आणि ही पृथ्वी दलितांच्या व कष्टकऱ्यांच्या तळहातावर तोललेली आहे, असे प्रतिपादन केले. शेत पिकविणारे, रस्ते बांधणारे, गिरण्या चालविणारे हात थांबले, तर जग क्षणभरही चालणार नाही, हा त्यामागील अर्थ. जे हात अस्पृश्य ठरविले गेले, त्याच हातांवर जगाचा भार आहे, हे सांगण्याचे धैर्य त्या विचारात होते.

१९६१ साली अण्णा भाऊ रशियास गेले. ज्या स्टालिनग्राडचा पोवाडा त्यांनी न पाहताच रचला होता, ते शहर त्यांनी आता डोळ्यांनी पाहिले. परत आल्यावर त्यांनी 'माझा रशियाचा प्रवास' हे पुस्तक लिहिले. एकेकाळी गाडीभाड्यास पैसे नाहीत म्हणून पायी मुंबई गाठणारा मुलगा विमानातून परदेशी जाऊन आला. परंतु त्याचा मुक्काम मात्र घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीतच राहिला. त्याच झोपडीत बसून, शेजारच्या गलबल्यात, त्यांनी आपले पुष्कळसे लेखन केले. तीसहून अधिक कादंबऱ्या, 'खुळंवाडी', 'निखारा', 'कृष्णाकाठच्या कथा', 'चिरागनगरची भुतं' यांसारखे कथासंग्रह, लोकनाट्ये, पोवाडे, लावण्या एवढे विपुल साहित्य त्यांच्या हातून निर्माण झाले. त्यांच्या काही कादंबऱ्यांवर चित्रपटही निघाले.

कीर्ती आली, तरी लक्ष्मी त्यांच्या दारी आली नाही. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी ओढगस्तीत आणि आजारात काढली. शेवटी शासनाने त्यांना गोरेगावच्या सिद्धार्थनगरात राहण्यास घर दिले. तेथेच १८ जुलै १९६९ रोजी, वयाची एकोणपन्नास वर्षेही पुरी झाली नसता, त्यांनी जगाचा निरोप घेतला. हयातीत त्यांना पोटभर स्वास्थ्य देणे समाजाला जमले नाही, ही गोष्ट खेदाची आहे आणि ती झाकून ठेवण्याचे कारण नाही.

मृत्यूनंतर मात्र त्यांची थोरवी दिवसेंदिवस अधिक उमगत गेली. त्यांनी मळलेल्या वाटेने पुढे अनेक लेखक चालले. शंकरराव खरात यांनी खेड्यातील दलितांचे जिणे कथांत आणले. १९६३ साली बाबुराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला आणि दलित कथेचा आवाज अधिकच तीव्र झाला. २००२ साली भारत सरकारने अण्णा भाऊंच्या नावे टपाल तिकीट काढले. २०२२ साली मॉस्को येथील एका ग्रंथालयात त्यांचा पुतळा बसविण्यात आला. पिंपरी-चिंचवडमध्ये निगडी येथेही त्यांचा पुतळा आहे; १ ऑगस्ट या त्यांच्या जन्मदिनी तेथे लोक मोठ्या संख्येने जमतात.

२६ जानेवारी १९५० पासून अंमलात आलेल्या आपल्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केलेली आहे. परंतु कायद्याने जे बंद होते, ते माणसाच्या मनातून जाण्यास वेळ लागतो. ते काम साहित्य करते. पुतळ्याला हार घालणे सोपे आहे. आपल्या वर्गातील एकही मूल जातीमुळे किंवा गरिबीमुळे एकटे पडणार नाही आणि शाळेच्या दारातून परत फिरणार नाही, याची काळजी घेणे त्याहून अवघड आहे. वाटेगावच्या त्या मुलाला जे मिळाले नाही, ते आपल्या शेजारी बसणाऱ्या प्रत्येकाला देणे, हेच अण्णा भाऊंचे खरे स्मारक होय.

स्वाध्याय

१. गावाचे सर्व व्यवहार ज्यांच्या श्रमावर चालत, त्यांनाच गाव दूर का ठेवीत असे? पाठातील उदाहरणे देऊन लिहा.
२. अण्णा भाऊंनी वाचन कसे शिकून घेतले?
३. अण्णा भाऊंच्या पूर्वीच्या कथांतील दलित माणूस आणि त्यांच्या कथांतील दलित माणूस यांत कोणता फरक आहे?
४. 'सापळा' या कथेतील लोकांनी बहिष्काराला कसे तोंड दिले?
५. भीमाने स्मशानात जावे, यात दोष कोणाचा, असे तुम्हांस वाटते? कारणे द्या.
६. पुढील शब्दसमूहांचा वाक्यांत उपयोग करा : पान न हालणे, नाक मुरडणे, मान ताठ ठेवणे.
७. कामासाठी गाव सोडून तुमच्या परिसरात आलेल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाशी बोला आणि त्यांच्या प्रवासाची हकीकत दहा ओळींत लिहा.